गावाचा हिशेब

महिनाअखेर आली की घरातील कर्ती माणसे हिशेबाला बसतात. किराण्याला किती लागले, दुधाचे किती द्यावयाचे, मुलांच्या वह्यापुस्तकांना किती गेले, हे सारे एका वहीत टिपले जाते. यात कोणी कोणावर रागावत नाही, की संशय घेत नाही. पैसा सर्वांचा आहे, तेव्हा तो कोठे गेला हे सर्वांस कळावे, एवढाच हेतू असतो. मुलांनो, गाव हेही एक मोठे घरच आहे. मग या घराचा हिशेब कोणी पाहावयाचा?

गावाचा कारभार ग्रामपंचायत चालवते. पिण्याचे पाणी, दिवाबत्ती, गटारे, रस्त्यांची सफाई, जन्ममृत्यूची नोंद ही तिची नित्याची कामे होत. त्यांसाठी ती घरपट्टी व पाणीपट्टी गोळा करते; शासनाकडूनही तिला अनुदान मिळते. महाराष्ट्रातील ग्रामपंचायती १९५८ च्या अधिनियमानुसार चालतात. पुढे १९९३ साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अशा संस्थांना राज्यघटनेतच स्थान मिळाले. पंचायतीची मुदत पाच वर्षांची असते आणि आपल्या राज्यात तिच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवलेल्या आहेत.

परंतु पाच वर्षांतून एकदा मत दिले, म्हणजे नागरिकाचे कर्तव्य संपले असे नव्हे. निवडून दिलेली माणसे काय करतात हे पाहण्यासाठी ग्रामसभा आहे. गावच्या मतदारयादीत ज्यांचे नाव आहे असे सर्व स्त्रीपुरुष या सभेचे सभासद असतात. ती वर्षातून निदान चार वेळा भरली पाहिजे, आणि तिच्या आधी स्त्रियांची स्वतंत्र सभा झाली पाहिजे, असा नियम आहे. पंचायत आपला जमाखर्च व केलेल्या कामांचा अहवाल ग्रामसभेपुढे ठेवते. पुरेशी माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब करावी लागते. ऐकणारेच नसतील, तर हिशेब सांगावयाचा कोणाला?

हिशेब पाहावयाचा म्हणजे दोष काढावयाचे असे नव्हे. नुसत्या टाळ्या वाजवावयाच्या असेही नव्हे. शिक्षक उत्तरपत्रिका तपासतात, तेव्हा बरोबर उत्तरास गुण देतात आणि चुकलेल्या उत्तराखाली रेघ ओढतात. पंचायतीचे कामही तसेच तपासावे. त्यासाठी चार प्रश्न पुरेसे आहेत. ठरवलेले काम झाले काय? ज्यांच्यासाठी ते केले, त्या सर्वांपर्यंत ते पोचले काय? त्यास खर्च किती आला? आणि झालेले काम टिकले काय? यांतील दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच विचारावयाचा राहून जातो. हे मला माझ्या एका विद्यार्थिनीने शिकवले.

मी मुख्याध्यापक असताना घडलेली ही गोष्ट आहे. ग्रामपंचायतीचा अहवाल फलकावर लागला होता. त्यात ‘गावास दररोज दोन तास पाणीपुरवठा केला जातो’ असे वाक्य होते. सातवीतील एक मुलगी ते वाचून मला म्हणाली, “गुरुजी, हे खरे नाही. आमच्या वरच्या वस्तीत दोन घागरी भरल्या की नळ कोरडा पडतो.” मी म्हणालो, “बाळ, नुसते बोलून भागावयाचे नाही. मोजून दाखव.”

तिने ते मनावर घेतले. निरनिराळ्या आळ्यांतील आठ मुले तिने जमवली. नळास पाणी केव्हा आले, केव्हा गेले आणि किती घागरी भरल्या, हे प्रत्येकाने आठ दिवस लिहून ठेवले. खालच्या आळीत घरटी वीसपंचवीस घागरी भरत होत्या. वरच्या वस्तीत कधी चार, कधी दोन, आणि दोन दिवस तर एकही नाही!

मुलीला ग्रामसभेत बोलण्याचा अधिकार नव्हता. तो कागद तिच्या आईने नेला. सभेत त्या माउलीने पूर्वी कधी तोंड उघडले नव्हते. कागद वाचताना तिचा हात थरथरत होता. सरपंचांना राग आला. “तुम्ही आमच्यावर आरोप करता काय?” त्यांनी विचारले. ती म्हणाली, “नाही हो दादा. तुमची वही आणि आमची वही जरा शेजारी ठेवून पाहा, एवढेच माझे म्हणणे आहे.”

दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या गेल्या. पंचायतीची नोंद खोटी नव्हती. टाकीतून रोज दोन तास पाणी सुटत होते. मात्र खालच्या आळीतील कित्येक नळांना तोट्याच नव्हत्या. भांडी भरल्यावरही पाणी वाहत राही व गटारात जाई; चढावरच्या वस्तीपर्यंत ते पोचतच नसे. मग दुरुस्ती का झाली नाही, असा प्रश्न निघाला. त्यावर ग्रामसेवकांनी पाणीपट्टीच्या थकबाकीची यादी वाचून दाखवली. त्या यादीत, सांगावयास संकोच वाटतो, माझेही नाव होते. दुसऱ्या दिवशी शाळा भरण्यापूर्वी मी ती रक्कम भरली.

सभेने तीन ठराव केले. प्रत्येकाने आपल्या नळास तोटी बसवावी, थकबाकी महिन्याच्या आत भरावी, आणि वरच्या वस्तीस आधी व वेगळ्या वेळी पाणी सोडावे. सारे प्रश्न एका दिवसात सुटले नाहीत. उन्हाळ्यात वरच्या वस्तीस पुन्हा टंचाई भासलीच. परंतु पुढच्या सभेत तो विषय कोणाच्या कृपेने नव्हे, तर हिशेबाचा भाग म्हणून आला. टाकीतून किती पाणी सुटले हा कामाचा हिशेब झाला. घागरीत किती पडले हा सेवेचा हिशेब होय. हा दुसरा हिशेब ज्याची घागर रिकामी राहते त्यालाच ठाऊक असतो. म्हणून त्याने तो सांगितला पाहिजे.

असा हिशेब नेमाने मांडल्यास गाव कसे सुधारते, हे अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरेबाजार या गावाने दाखवून दिले आहे. हे मुळात कमी पावसाचे, दुष्काळी गाव. तेथे पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात. माणसांच्या व जनावरांच्या पिण्याचे पाणी आधी बाजूला काढतात, आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यावयाची ते सर्वांनी मिळून ठरवतात.

सभेत उत्तर मिळाले नाही, तरी नागरिक निरुपाय होत नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने त्यास कागदपत्रे पाहता येतात. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने ठरावीक दाखले ठरावीक मुदतीत मिळण्याचा त्यास हक्क आहे. ते न मिळाल्यास अपील करता येते. शहरात ग्रामसभा नसते, नगरपालिका किंवा महानगरपालिका असते. परंतु ते चार प्रश्न तेथेही तसेच लागू पडतात. कचऱ्याची गाडी शहरात फिरली, एवढे पुरेसे नाही. ती तुमच्या गल्लीत आली काय, हे पाहावयास हवे.

मुलांनो, मतदार होण्यास तुम्हांला अद्याप काही वर्षे आहेत. परंतु डोळे उघडे ठेवण्यास आणि खरे तेच टिपून ठेवण्यास वयाची अट नाही. रस्त्यावरचे किती दिवे रात्री लागतात, हे आजच मोजून पाहा. आणि मोजून झाल्यावर घरी वडीलमाणसांना आणखी एक प्रश्न अवश्य विचारा: “आपली पट्टी भरली आहे ना?”