पोर्टचा पाइप अंदाजानं कापू नका

कोल्हापुरात बास म्हटलं की महाद्वार रोडवरची विसर्जन मिरवणूक आणि छातीवर आदळणारी डॉल्बी आठवते. घरच्या खोलीला तो दणका नको असतो. हवा असतो खोल, स्वच्छ खर्ज, आणि तो थोड्या वॅटमध्येही मिळतो. घरी सबवूफर बनवणारे प्लाय चोख कापतात, सांधे हवाबंद करतात, ॲम्प्लिफायरवर पैसे घालतात. पोर्टचा, म्हणजे बॉक्सच्या हवा ये-जा करणाऱ्या तोंडाचा पाइप मात्र ‘बसेल तेवढा’ घालतात. सगळं बिघडतं ते तिथंच.

बंद बॉक्समध्ये स्पीकरच्या कोनच्या मागच्या बाजूचा आवाज वाया जातो. पोर्ट तोच कामाला लावतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती ठरावीक सुरात घुमते, तसाच पोर्टचा बॉक्सही. त्या सुरावर कोन जवळजवळ थांबतो आणि आवाज पाइपमधली हवाच काढते. बेल लॅबोरेटरीजमधल्या अल्बर्ट थुरस यांना या रचनेचं पेटंट १९३२ मध्ये मिळालं. पण नेमकं गणित हाती आलं ते नेव्हिल थील यांच्या १९६१ च्या निबंधामुळं आणि नंतरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी केलेल्या कामामुळं.

आता आकडे पाहू. बॉक्स ६० लिटरचा, सूर ३२ हर्ट्झ. दुकानात ‘चार इंची’ म्हणून मिळणाऱ्या पीव्हीसी पाइपचे ११० मिलिमीटर हे बाहेरचं माप. आतून तो साधारण १०.४ सेंटिमीटर भरतो, आणि गणितात आतलाच व्यास धरायचा. लांबी येते ३४ सेंटिमीटर. तीन इंची, म्हणजे आतून ७ सेंटिमीटरचा पाइप घेतला तर १४ सेंटिमीटरमध्येच भागतं. मोह होतो तो इथं. पण अरुंद पाइपातून हवा जोरात धावते आणि आवाज वाढवला की फुसफुसते. हवेचा वेग सेकंदाला १७ मीटरच्या आत असावा, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. उलट चार इंची दोन पाइप बसवले, तर प्रत्येकाची लांबी थेट ७५ सेंटिमीटरवर जाते.

पाइपचं आतलं तोंड मागच्या फळीपासून निदान व्यासाइतकं लांब हवं. म्हणजे ३४ सेंटिमीटरच्या पाइपला बॉक्स आतून ४५ सेंटिमीटर तरी खोल लागतो. पाइप स्वतः तीनेक लिटर जागा खातो, स्पीकरही थोडी घेतो. ६० लिटर म्हणजे हे सगळं वजा जाऊन उरलेली जागा. आणखी एक धोका: ठरवलेल्या सुराच्या खाली कोनला हवेचा आधार उरत नाही, तो बेफाम हलतो. म्हणून ते खालचे सूर अडवणारा सबसॉनिक फिल्टर लावलाच पाहिजे.

पाइप आधी तीन-चार सेंटिमीटर लांबच कापा आणि चिकटवू नका. मोबाइलवरून एकेक हर्ट्झ वर-खाली करत सूर वाजवा, कोनवर टॉर्च मारा. कोन सगळ्यात कमी हलेल तो बॉक्सचा खरा सूर. तो ३२ च्या खाली असेल, तर पाइप थोडा थोडा कापत सूर वर आणा. आखूड कापलेला पाइप वाढत नाही, म्हणून चिकटवायचं काम सगळ्यात शेवटी करा.