माती, मूठमाती आणि दफन

मृत देह भूमीच्या स्वाधीन करण्याच्या क्रियेस आजच्या मराठी वृत्तपत्रांत आणि सरकारी कागदपत्रांत ‘दफन’ हा एकच शब्द सर्रास योजिला जातो. परंतु कृष्णा-वारणेच्या काठी, सांगली-साताऱ्याच्या मुलखात, गावोगावच्या बोलण्यात या क्रियेला जी नावे रूढ आहेत ती एकत्र करून पाहू गेल्यास हा एक शब्द किती अपुरा आहे हे ध्यानात येते, आणि त्या नावांमागे निरनिराळ्या समाजांच्या मरणाविषयीच्या ज्या कल्पना उभ्या आहेत त्यांविषयी मनात आदर उत्पन्न होतो.

‘दफन’ हा शब्द मूळ अरबी असून झाकणे, दडविणे, जमिनीखाली ठेवणे हा त्याचा मूलार्थ आहे. त्याच धातूपासून पुरून ठेवलेल्या द्रव्याला ‘दफीना’ म्हणतात. आपल्या ‘पुरणे’ या क्रियापदालाही हाच दुहेरी व्यवहार ठाऊक आहे, कारण धन पुरतात आणि प्रेतही पुरतात. तथापि मराठी कानाला यात एक सूक्ष्म भेद जाणवतो. मेलेले जनावर पुरले, साप मारून पुरला, असे आपण सहज म्हणतो. पण घरच्या वडीलधाऱ्या माणसाविषयी ‘पुरले’ म्हणताना जीभ अडखळते, आणि ‘गाडले’ या शब्दात तर उघड वैराचा सूर आहे. तान्ह्या मुलाच्या बाबतीत मात्र ‘पुरणे’ हाच शब्द चालतो, आणि त्यामागची रीत फार प्राचीन आहे: दोन वर्षांच्या आतील बालकाचे दहन न करता त्याला गावाबाहेर शुद्ध भूमीत ठेवावे, असे मनुस्मृतीत सांगितले आहे, आणि त्याच्याही पुष्कळ आधी, ताम्रपाषाणयुगात, पुणे जिल्ह्यातील इनामगावचे लोक आपली मुले दोन मडक्यांची तोंडे एकमेकांना भिडवून त्यांत निजवीत व घराच्याच जमिनीखाली ठेवीत, हे डेक्कन कॉलेजच्या उत्खननातून प्रत्यक्ष दिसून आलेले आहे. वैदिक वाङ्मयातही पितरांचे ‘अग्निदग्ध’ आणि ‘अनग्निदग्ध’ असे दोन्ही वर्ग आदराने उल्लेखिले आहेत. भूमीत ठेवणे ही परक्यांकडून आलेली चाल आहे, असा जो समज पुष्कळांच्या मनात असतो, त्याला आधार नाही.

वडीलधाऱ्यांसाठी या मुलखाने जो शब्द राखून ठेवला आहे तो ‘माती’. ‘माती दिली’, ‘माती झाली’, ‘आज सकाळी पाव्हण्यांच्या मातीला जाऊन आलो’ ही वाक्ये तासगाव, वाळवे, खटाव, माण यांपैकी कोणत्याही तालुक्यात ऐकू येतील. आणि यातील विलक्षण गोष्ट अशी की ज्या घरी देहाचे दहन होते, जिथे मातीचा संबंध चितेखालच्या जमिनीपुरताच असतो, त्या घरच्या अंत्यविधीलाही लोक ‘मातीला’च जातात, आणि पुढे अस्थी व रक्षा गोळा करण्याच्या विधीलाही ‘माती सावडणे’ असेच म्हणतात. अग्नीने देह नेला तरी भाषेने तो मातीच्याच हवाली केला! हा केवळ शब्दाचा शैथिल्यदोष आहे, असे मला वाटत नाही. आयुष्यभर काळ्या रानात राबलेल्या शेतकऱ्याला आपण शेवटी कोठे जाणार याविषयी जी खात्री असते, ती या शब्दात बोलते.

‘मूठमाती’ हा याच कुळातला शब्द. देह खड्ड्यात ठेवल्यावर जमलेल्या प्रत्येकाने एकेक मूठ माती टाकावयाची, म्हणजे त्या माणसाला निरोप देण्याचे काम एकट्या घरच्यांवर न राहता सबंध गावाचे होते. पुढे सुधारकांनी आणि वक्त्यांनी हा शब्द उचलला, आणि ‘अनिष्ट रूढींना मूठमाती द्या’ असे म्हणता म्हणता त्याचा मूळ अर्थ इतका झाकला गेला की आज शहरी वाचकाला तो फक्त लाक्षणिक अर्थानेच ठाऊक असतो. मला याची खंत वाटते, कारण मूळ कृतीत तिरस्कार नसून जिव्हाळा होता.

मिरजेसारख्या गावी, जिथे मराठी, कानडी आणि दखनी या तिन्ही बोली एकाच पेठेत नांदतात, तिथे ‘माती’ या शब्दाची व्याप्ती विशेष दिसते. मुसलमान समाजात जनाज्याची नमाज झाल्यावर कबरीत तीन तीन मुठी माती टाकतात, आणि त्याला ‘मिट्टी देना’ असेच म्हणतात. कानडीत ‘मण्णु’ म्हणजे माती, आणि ‘मण्णु माडु’ म्हणजे मृताला भूमीत ठेवणे. कबरीचे जे दुसरे नाव ‘तुरबत’, तेही ‘तुराब’ म्हणजे मातीवरूनच आले आहे. ‘मजार’ म्हणजे दर्शनाला जाण्याचे स्थान आणि ‘दर्गा’ म्हणजे दरबार वा उंबरठा, हे शब्द मात्र सामान्य मृतासाठी नसून सत्पुरुषासाठी आहेत. मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात हिंदू-मुसलमान दोघेही डोके टेकतात. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ यांचे १९३७ साली दक्षिणेत प्रवासात निधन झाले, तेव्हा त्यांचा देह मिरजेस आणून याच दर्ग्याच्या आवारात ठेवण्यात आला, आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गवई आजही तेथे हजेरी लावतात. ‘उरूस’ या शब्दाचा मूळ अर्थ विवाह असा आहे. सत्पुरुषाचा मृत्यू म्हणजे त्याचे परमेश्वराशी मीलन, ही त्यामागची भावना.

नेमकी हीच भावना शेजारच्या लिंगायत समाजाच्या ‘लिंगैक्य’ या शब्दात आहे. मृताला स्नान घालून, भस्म लावून, पद्मासनात बसवून, हाती इष्टलिंग देऊन, बिल्वपत्रांसह भूमीत ठेवतात; या जागेला ‘रुद्रभूमी’ आणि या विधीला ‘समाधी’ असे म्हटले जाते. अंगावर लिंग धारण करणारा मुळात शुद्धच असतो, म्हणून त्याच्या मरणाचे सुतकही या धर्मविचारात मानलेले नाही. अशा विधीचे वर्णन ‘दफनविधी’ या एका शब्दात आटोपणे म्हणजे त्यातील सारा आशय वगळणे होय.

‘समाधी’ या शब्दाचा प्रवास तर फारच लांबचा आहे. योगशास्त्रात ती चित्ताची अवस्था. आळंदीस शके १२१८ मध्ये ज्ञानेश्वरांनी घेतली ती संजीवन समाधी. गोसावी, नाथपंथी आणि संन्याशांना देतात ती भूसमाधी. आणि मग दहनस्थानी वा केवळ स्मृतीसाठी उभारलेल्या बांधकामालाही तेच नाव. संगम माहुलीस कृष्णा-वेण्णेच्या काठी राजघराण्यातील माणसांच्या समाध्या आहेत, त्यांत थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचीही आहे. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची आहे. कोयनेच्या धरणात गेलेल्या गावांना ‘जलसमाधी’ मिळाली असे म्हणतात, तिथे मात्र हा शब्द कानाला खुपतो, कारण त्या गावांनी ती स्वेच्छेने घेतली नव्हती.

‘मयत’ हा आणखी एक अरबी शब्द. तो फारसी अमदानीतील दफ्तरांतून आला आणि आजही तलाठ्याच्या फेरफारात ‘मयत खातेदाराचे वारस’ म्हणून टिकून आहे. शिवछत्रपतींच्या काळी राज्यव्यवहारकोशाने कारभारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण लोकांनी ‘मयत’ आणि ‘कबर’ हे शब्द टाकले नाहीत आणि ‘माती’ही सोडली नाही, हे योग्यच झाले.

म्हणून मृत्यूच्या बातम्या लिहिणाऱ्या आणि स्मशानांच्या पाट्या रंगविणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे की लेखणी उचलण्यापूर्वी त्या घरच्या माणसांना त्यांचा शब्द विचारावा, आणि माती, समाधी, लिंगैक्य, दफन यांपैकी ते जो सांगतील तोच छापावा.