पेटंटच्या कुंपणात टेनिसचा ठिपका

बीरगांवहून एका इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याने प्रश्न पाठवला आहे. तो आणि त्याचे मित्र मोबाइलसाठी गेम बनवताहेत. गेम लोड होईपर्यंत खेळणारा कंटाळू नये म्हणून मध्ये एक छोटासा खेळ टाकलाय. कुणीतरी त्यांना भीती घातली, की या कल्पनेचं पेटंट एका जपानी कंपनीकडे आहे, नोटीस येईल. हे खरं का?

होतं, आता नाही. नामको कंपनीने १९९५मध्ये अमेरिकेत अर्ज केला, १९९८मध्ये पेटंट मिळालं आणि २०१५च्या नोव्हेंबरात ते संपलं. तोवर जगभरची पोरं पडद्यावर सरकणारी रेघ बघत बसली. गंमत म्हणजे कमोडोर ६४ या घरगुती संगणकावर कॅसेटवरून गेम चढत असताना खेळायचा ‘इन्व्हेड-अ-लोड’ १९८७मध्येच आला होता.

मग असं पेटंट मिळतंच कसं? पेटंटाचा जीव असतो त्यातल्या दाव्यांमध्ये. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात, तसे हे दावे. पूर्वेला अमक्याचं शेत, पश्चिमेला नाला, असं नेमकं लिहिलं तर भांडण कमी. पण ‘नाल्याच्या अलीकडचं सगळं माझं’ असं कुणी लिहून आणलं आणि तलाठ्याने शिक्का मारला, तर शेजाऱ्याला आपलंच घर आपलं आहे हे सिद्ध करत कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. सॉफ्टवेअरमध्ये हे फार सोपं. यंत्राचा दट्ट्या डोळ्यांना दिसतो. ‘खेळाडूच्या कृतीनुसार पात्राचं वर्तन बदलणारी प्रणाली’ म्हटलं की त्यात काय मावणार नाही?

ताजं उदाहरण निन्टेन्डोचं. जानेवारी २०२४मध्ये पॉकेटपेअर या छोट्या जपानी कंपनीचा ‘पॅलवर्ल्ड’ आला आणि तुफान खपला. सप्टेंबरमध्ये निन्टेन्डो आणि पोकेमॉन कंपनीने टोकियोच्या जिल्हा न्यायालयात तीन पेटंटांवर खटला भरला. गोळा फेकून प्राणी पकडायचा, प्राण्यावर स्वार व्हायचं, अशा गोष्टी. मूळ अर्ज २०२१चे. पण ही तीन पेटंटं त्यातून फोडून काढली ती २०२४मध्ये, शेजाऱ्याचं घर उभं राहिल्यानंतर! कायद्यात हे बसतं. मागितलेली भरपाई दोन्ही कंपन्यांची मिळून १ कोटी येन आणि वर व्याज, म्हणजे एवढ्या खपाच्या गेमला चिल्लरच. खरी मागणी गेमची विक्री थांबवण्याची होती. निकाल लागायच्या आधीच पॉकेटपेअरने गेममध्ये बदल केले. फार रुंद पेटंटाची ताकद इथे असते: जिंकावं लागत नाही, भांडण परवडणार नाही एवढं दाखवलं की पुरतं.

पण हीच निन्टेन्डो १९८०च्या दशकात कुंपणाच्या पलीकडे उभी होती. टीव्हीवर खेळायच्या खेळांची पेटंटं तेव्हा मॅग्नावॉक्सकडे होती. त्यामागचे अभियंते राल्फ बेअर यांचं काम अस्सल होतं, याबद्दल वाद नाही. पण मॅग्नावॉक्सने त्या पेटंटांच्या जोरावर अटारीपासून अनेकांकडून पैसे वसूल केले. निन्टेन्डोने ती रद्द करून घेण्यासाठी एक म्हातारा साक्षीदार शोधून काढला: विल्यम हिगिनबॉथम.

हा माझा लाडका माणूस. लॉस अलामॉसमध्ये अणुबॉम्बसाठी इलेक्ट्रॉनिक्स केलेला आणि नंतर अण्वस्त्रांचा प्रसार रोखण्यासाठी झटलेला. ऑक्टोबर १९५८मध्ये ब्रुकहेवन प्रयोगशाळा बघायला लोक येणार होते. नुसती यंत्रं बघून ते कंटाळतील, म्हणून याने अ‍ॅनालॉग संगणक ऑसिलोस्कोपला जोडून टेनिस तयार केलं. क्षेपणास्त्राचा मार्ग काढायची गणितं त्याने उडत्या चेंडूला लावली. जाळीला थडकून मागे येणाऱ्या त्या ठिपक्यासाठी लोकांनी रांगा लावल्या. पुढच्या वर्षी मोठ्या पडद्यावर पुन्हा खेळ झाला, मग सगळं सुटं करून भाग दुसऱ्या कामाला लावले. पेटंट नाही. घेतलं असतं तरी ते सरकारच्या मालकीचं झालं असतं.

न्यायालयाने निन्टेन्डोचं म्हणणं फेटाळलं: ऑसिलोस्कोपमध्ये व्हिडिओ सिग्नल नव्हता. तांत्रिकदृष्ट्या बरोबर. तरी चुटपुट लागते.

आता छत्तीसगडमधलं बीरगांव. तिथले पेटंट अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३ या बाबतीत बरंच शहाणं आहे: ३(के) नुसत्या संगणक प्रोग्रॅमला आणि अल्गोरिदमला पेटंट नाकारतं, तर ३(एम) खेळ खेळण्याच्या पद्धतीलाच. २००४च्या डिसेंबरात वटहुकूम काढून सॉफ्टवेअरसाठी दार किलकिलं केलं होतं. २००५मध्ये संसदेने ते लावून घेतलं. तांत्रिक परिणामाचा मुद्दा मांडून सॉफ्टवेअरची पेटंटं आजही मिळतात, तेव्हा अगदी गाफील राहू नये. पण पेटंट मंजूर होण्यापूर्वी त्याला लेखी विरोध करायचा हक्क कलम २५ कुणालाही देतं. त्यासाठी कंपनी असायची गरज नाही.

पेटंटाची हद्द मात्र देशापुरती असते. गेम अमेरिकेत किंवा जपानमध्ये विकायचा तर तिथली पेटंटं बघावीच लागतील. पण अमेरिकेतही २०१४च्या ‘अ‍ॅलिस’ खटल्यातल्या निकालानंतर, जुनी कल्पना नुसती संगणकावर चढवली म्हणून पेटंट टिकत नाही. आभासी जगात एकाच वेळी किती पात्रं दाखवायची यावर हक्क सांगणाऱ्या वर्ल्ड्स कंपनीने अ‍ॅक्टिव्हिजनवर २०१२मध्ये खटला भरला होता. तिचे दावे याच कसोटीवर २०२१मध्ये बाद झाले. निवाडा योग्य, लागली नऊ वर्षं.

तेव्हा या मुलांनी लोडिंगमधला खेळ खुशाल ठेवावा. फक्त आपली एखादी नवी युक्ती असेल, आणि तिचं पेटंट घ्यायचं नसेल, तर ती तारखेसह जाहीर छापून टाकावी. एकदा सर्वांसमोर आली, की नंतर कुणी ती स्वतःच्या नावावर मागायला गेलं तर परीक्षकापुढे ठेवायला कागद असतो. हिगिनबॉथमच्या टेनिससाठी साक्षीदार शोधत फिरावं लागलं. कागद शोधायला तेवढी वणवण पडत नाही.