उंच डोंगरावरील द्राक्षमळे आणि सिंगानीची भट्टी

पवित्र मिस्सात वेदीवर अर्पण होणारा द्राक्षारस शुद्ध द्राक्षांचाच व न बिघडलेला असला पाहिजे, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. त्यामुळे जुन्या काळी मिशनरी दूरदेशी निघाले की पुष्कळदा त्यांच्याबरोबर द्राक्षवेलीच्या काड्याही जात. दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशात अशा वेलींचे पुढे काय झाले, ते या वेळी पाहू. आपल्यापैकी कित्येकांच्या शेतात द्राक्षे नसतील. पण गारपीट, बाजारभाव आणि दारू हे विषय कोणत्याही शेतकरी घराला परके नाहीत.

वेदीकडून खाणीकडे

बोलिव्हियातील पोतोसी येथे 1545 साली चांदीची खाण सापडली. हे गाव सुमारे 4,000 मीटर उंचीवर आहे. तेथे स्पॅनिश सरकारने मूळच्या रहिवाशांना वेठीने खाणीत राबवले आणि बघता बघता मोठे शहर उभे राहिले. एवढ्या उंचीवर द्राक्ष येत नाही. म्हणून खालच्या खोऱ्यांत, सिंती आणि तारिहा या भागांत, मळे लागले. तारिहा हे गाव 1574 साली वसले व 1606 साली तेथे फ्रान्सिस्कन मठाची स्थापना झाली.

द्राक्षारस खेचरांवर लादून डोंगर चढवायचा म्हणजे ओझे मोठे, आणि वाटेत तो आंबण्याची भीती. भट्टीत उतरवलेली दारू मात्र हलकी आणि टिकाऊ. अशा रीतीने मिस्सासाठी आलेली वेल खाणीच्या बाजारासाठी वाढू लागली. या द्राक्षाच्या दारूला सिंगानी म्हणतात.

उंचीचा फायदा

तारिहा विषुववृत्ताच्या दक्षिणेस जेवढे दूर, जवळजवळ तेवढेच आपले जळगाव उत्तरेस दूर आहे. तरी दोन्हींच्या हवेत मोठा फरक आहे, कारण तारिहा सुमारे 1,850 मीटर उंचीवर आहे. हजार मीटर वर चढले की हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. सिंगानीसाठी द्राक्षमळा निदान 1,600 मीटर उंचीवर असावा लागतो. आपले कळसूबाईचे शिखर 1,646 मीटर आहे. म्हणजे महाराष्ट्राचा माथा जेथे संपतो, तेथे त्यांचा मळा सुरू होतो!

द्राक्षवेलीला थंडीत विश्रांती लागते. आपल्याकडे ती तिला मिळत नाही. म्हणून नाशिक, सांगली, विजापूर भागातील बागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, अशा दोन छाटण्या करून एक पीक घेतात. तारिहात जून ते ऑगस्ट हिवाळा असतो, तेव्हा पाने गळून वेल आपोआप झोपते. हिवाळ्याच्या अखेरीस छाटणी होते व फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये द्राक्षे उतरतात. दिवसाचे कडक ऊन साखर भरते, थंड रात्री आंबटपणा राखतात. उंचीवरील प्रखर किरणांमुळे सालही जाड होते. म्हणून तेथील द्राक्षाला वास आणि चव चांगली येते.

उंचीचा तोटा

परंतु देवाने डोंगर दिला तेव्हा त्याबरोबर धुके, हिव आणि गाराही दिल्या. कोवळी फूट आल्यावर एखादी हिवाची रात्र पडली की ती करपते. पाऊस तेथे डिसेंबर ते मार्चमध्ये येतो, म्हणजे नेमका घड भरण्याच्या व पिकण्याच्या वेळी. त्यामुळे केवडा आणि घडकूज यांचे भय राहते. अर्ध्या तासाची गारपीट वर्षाची कमाई धुऊन नेते. ज्यांना परवडते ते मळ्यावर गारांची जाळी ताणतात. लहान शेतकऱ्याला तो खर्च जड जातो. शिवाय शेजारच्या आर्जेंटिनातून चोरट्या मार्गाने येणारी स्वस्त वाइन त्यांचा भाव पाडते.

सिंती खोऱ्यात एक जुनी रीत अजून टिकून आहे. तेथे वेल मांडवावर न चढवता मोये नावाच्या झाडावर चढवतात. शंभर वर्षांहून जुन्या अशा वेली तेथे आहेत. झाडाची सावली हिवापासून आणि गारांपासून घडांना आडोसा देते, आणि त्याच्या उग्र वासामुळे कीड कमी येते, असे तेथील शेतकरी मानतात. द्राक्षे उतरवायला शिडी लागते आणि मजुरीही वाढते; पण आधाराला लोखंडी खांब व तारा विकत घ्याव्या लागत नाहीत.

भट्टी आणि नाव

सिंगानीसाठी मस्कत ऑफ अलेक्झांड्रिया नावाचे सुवासिक पांढरे द्राक्ष वापरतात. रस आंबवून प्रथम वाइन होते, मग ती भट्टीवर चढवतात. आरंभीची धार उग्र असते, शेवटची बेचव. दोन्ही बाजूला काढून मधली तेवढी ठेवतात. गोव्यात काजूची भट्टी लावणाऱ्यांना हे सांगायला नको.

हिशेब पाहा. वाइनमध्ये सुमारे 12 टक्के मद्यार्क असतो, सिंगानीत सुमारे 40 टक्के. म्हणजे एक लिटर सिंगानीला चारेक लिटर वाइन आणि पाच-सहा किलो द्राक्षे लागतात. बोलिव्हियाने 1992 साली कायद्याने या नावाला संरक्षण दिले आणि 2023 साली अमेरिकेनेही सिंगानी हे बोलिव्हियाचेच खास पेय असल्याचे मान्य केले. गोव्याच्या काजू फेणीलाही 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. नाव जपले तर भाव जपला जातो, हा धडा गुळाला, मिरचीला, आंब्यालाही लागू आहे.

आरोग्याचा हिशेब

आता दुसरा हिशेब. चाळीस टक्क्यांच्या दारूची 180 मिलिलिटरची एक बाटली म्हणजे 72 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क. तो 600 मिलिलिटर वाइनमधील मद्यार्काइतका झाला! पेला लहान दिसतो म्हणून मनुष्य फसतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली स्पष्ट केले की दारूचे कोणतेही प्रमाण पूर्णपणे निर्धोक नाही. यकृताचा नाश तर आपण डोळ्यांनी पाहतोच. पण तोंडाचा, घशाचा, यकृताचा आणि स्त्रियांत स्तनाचा कर्करोगही दारूमुळे वाढतो.

चोरट्या दारूत कारखान्यातील मिथिल अल्कोहोल मिसळले जाते. त्याला वेगळा रंग नाही आणि वासावरूनही ते ओळखता येत नाही. प्यायल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, डोळ्यांपुढे धुरकट दिसू लागते, उलट्या होतात, श्वास जोरात चालतो. अशा माणसाला झोपवून ठेवू नये, लिंबूपाणी देत बसू नये. तडक मोठ्या दवाखान्यात न्यावे आणि तो काय प्यायला ते न लपवता सांगावे. लाजेपायी गेलेल्या वेळेत दृष्टी जाते, जीवही जातो.

एकाच वेलीपासून वेदीवरचा द्राक्षारस होतो आणि भट्टीतील दारूही. सिंगानी मात्र वेदीवर चालत नाही. तेथे साधा, शुद्ध द्राक्षारसच लागतो. काना गावच्या लग्नातील आनंद आपण मानतो, तसेच नोहाने मळा लावल्यावर त्याची काय शोभा झाली, तेही पवित्र शास्त्र लपवीत नाही. तारिहाच्या शेतकऱ्याकडून डोंगर कसावा कसा, फळाचे मोल वाढवावे कसे आणि नाव राखावे कसे, हे अवश्य शिकावे. पण पिकाचा पैसा गुत्त्याच्या दारातून नव्हे, घराच्या दारातून आत यावा, एवढे आमचे प्रत्येक कुटुंबाला सांगणे आहे. ज्या घरी हे व्यसन शिरले असेल, त्यांनी ते लपवू नये. आपल्या फादरांशी आणि डॉक्टरांशी बोलावे. हा आजार आहे आणि त्याला उपाय आहे.