माणूस विमानाने, पेटी जहाजाने

चिंचोटी नाक्यावर उभे राहिले की कंटेनर लादलेले ट्रेलर एकामागून एक डोळ्यांसमोरून जातात. राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून आलेली यातली कित्येक वाहने इथे कामण-भिवंडी रस्त्याला वळतात आणि पुढे न्हावा शेवा बंदर गाठतात. जगभर जाणारा माल असा आमच्या दारावरून जातो. तरीही वस्तीतल्या एखाद्या घरातली मुलगी निकाहनंतर कुवेतला निघाली, किंवा मुलगा बायको-मुलांसह इंग्लंडला निघाला, की घरात पहिला प्रश्न तोच उठतो: एवढे सामान न्यायचे कसे?

आम्ही शाळेत शिकवतो. परदेशी निघालेले पालक मुलांचे दाखले न्यायला येतात, आणि दाखला हातात पडला की बोलणे सामानावर येते. कुणी सांगते, सगळे इथेच विकून टाका. कुणी सांगते, विमानतळावर जादा वजनाचे पैसे भरा आणि मोकळे व्हा. दोन्ही सल्ले घाईचे आहेत. सामान विकले तर आयुष्यभराच्या आठवणी भंगारच्या भावात जातात; जादा वजन भरले तर वस्तूच्या किमतीपेक्षा भाडेच जास्त होते. या दोन्हींच्या मधला रस्ता आहे. तो जुना आहे आणि समुद्रावरून जातो.

आपल्या लोकांचा जुना रस्ता

शेजारचे सोपारा हे प्राचीन बंदर. अरब प्रवाशांच्या लिखाणातही त्याचे नाव येते. पुढच्या काळात कोकणातले आपले लोक मुंबईहून जहाजानेच आखातात जात. ‘द्वारका’ नावाचे प्रवासी जहाज मुंबई आणि आखाती बंदरांच्या दरम्यान १९८२ पर्यंत चालले. मुंबईहून हजला जाणारी जहाजे १९९५ पर्यंत सुरू होती. जहाजाचा प्रवासी आपली पत्र्याची पेटी, वळकटी आणि भांडी बरोबरच नेत असे.

मग विमान आले. प्रवास दिवसांवरून तासांवर आला, पण पेटी मागे राहिली. विमानाने माणसाला सवलत दिली, सामानाला दिली नाही. म्हणून आजही जड सामानाचा स्वस्त रस्ता तोच आहे. फरक इतकाच, की आता माणूस आणि पेटी वेगवेगळे निघतात.

जहाज जागा मोजते, विमान वजन मोजते

विमानाच्या कुरिअरमध्ये खोक्याचे वजन दोन प्रकारे काढतात. एक काट्यावरचे. दुसरे आकारावरून: लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि बहुधा ५,००० ने भागायचे. दोन्हींपैकी जे जास्त, त्याचे पैसे. ६० × ४० × ४० सेंटीमीटरच्या खोक्यात चार-पाच किलोची रजई असली, तरी हिशेब १९.२ किलोंचा होतो.

जहाजाचा हिशेब घनमीटरचा, म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच एवढ्या जागेचा. एका घनमीटरचे वजन १,००० किलोंच्या आत असेल, तर वजनाकडे सहसा कुणी पाहत नाही. म्हणून किताबे, तांब्याची भांडी, शिलाई मशीन असे जे आकाराने लहान पण वजनाने जड आहे, त्याला जहाजासारखे स्वस्त वाहन नाही.

एका घरचे उदाहरण पाहू. मुलगी कुवेतला निघाली होती. मरहूम आईचे शिलाई मशीन तिला हवे होते. भावांचे म्हणणे, तिकडे नवे मिळेल, आम्ही पैसे देतो. ती ऐकेना, तिच्या शाळेचे गणवेश आईने त्याच मशीनवर शिवले होते. चार दिवस घरात नाराजी राहिली. शेवटी मशीनचा लोखंडी पाय इथेच ठेवून फक्त वरचे मशीन न्यायचे ठरले.

मग यादी झाली. किताबांची ४५ × ३० × ३० ची सहा खोकी, प्रत्येकी सुमारे २५ किलो. ६० सेंटीमीटरच्या चौकोनी खोक्यात देग, आणि देगीच्या पोटात कपडे, मिळून २० किलो. मशीनचे एक खोके १५ किलो. रजयांची दोन खोकी मिळून १० किलो. काट्यावर हे सगळे १९५ किलो. विमानाच्या कुरिअरच्या हिशेबाने पैसे सुमारे २५० किलोंचे. जहाजाच्या हिशेबाने जागा पाऊण घनमीटर.

इथे आणखी एक गोष्ट कळते. एकाच कंटेनरमध्ये अनेकांचा माल एकत्र जातो, तेव्हा कमीत कमी एका घनमीटरचे भाडे घेण्याची पद्धत आहे. म्हणजे पाऊण घनमीटर पाठवा की पूर्ण, पैसे तेच. त्या घराने उरलेल्या पाव घनमीटरात प्रेशर कुकर, पाटा-वरवंटा आणि मुलांची खेळणी भरली.

सबंध घरच हलवायचे असेल, तर २० फुटी कंटेनर स्वतंत्र घेता येतो. त्यात सुमारे ३३ घनमीटर जागा असते. दोन-तीन कुटुंबे एकाच शहरात जात असतील, तर त्यांनी मिळून चौकशी करावी. मात्र प्रत्येकाची यादी आणि कागद वेगळे ठेवावेत.

काय न्यावे, काय ठेवावे

विजेच्या वस्तूंबाबत आधी तिथली वीज पाहावी. दुबई, कुवेत, इंग्लंड इथे वीज आपल्यासारखीच, फक्त पिना वेगळ्या. अमेरिकेत १२० व्होल्ट. आपला मिक्सर तिथे नुसते ओझे.

खाण्याच्या वस्तू खोक्यात घालूच नयेत, हे बरे. आपल्या स्वयंपाकघरातली साधी खसखस संयुक्त अरब अमिरात आणि सौदी अरेबियात बंदी असलेली वस्तू आहे. सौदीत अख्ख्या जायफळालाही बंदी आहे. ऑस्ट्रेलियात बिया, माती लागलेली चप्पल आणि कच्चे लाकूड यांची कडक तपासणी होते. सामानासाठी लाकडी पेटी केलीच, तर लाकूड ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून त्यावर आंतरराष्ट्रीय शिक्का मारलेला असावा लागतो. नाक्यावरच्या सुताराने ठोकलेली पेटी परदेशी बंदरात अडकू शकते. जाड पुठ्ठ्याची दुहेरी खोकी स्वस्तही पडतात आणि ही कटकटही टळते.

घराण्यातल्या जुन्या वस्तूंचा विचार वेगळा करावा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. आजोबांची हाताने लिहिलेली बयाज किंवा जुनी कलमी किताब खोक्यात टाकण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याकडून खात्री करून घ्यावी.

आणि पावसाळा! जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवाच ओली. त्या दिवसांत बांधलेली किताबे आणि रजया खोक्यातच बुरशी धरतात. शक्य तर दिवाळीनंतर बांधावे. नाहीतर कोरडे ऊन पाहून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून भरावे.

भाव विचारण्याआधी तीन प्रश्न

पहिला: हे भाडे कुठपर्यंतचे? घरापासून परक्या बंदरापर्यंतचे भाडे ऐकायला स्वस्त असते. तिथला हाताळणी खर्च, कस्टमचा एजंट, गोदामाचे भाडे आणि घरापर्यंतचा टेम्पो वेगळा निघतो, आणि बरीच कुटुंबे नेमकी इथेच पोळतात. दारापासून दारापर्यंतचा पूर्ण भाव लेखी घ्यावा.

दुसरा: तिकडे कस्टमचे कागद काय? इंग्लंडला कायम राहायला जाणाऱ्याने निघण्यापूर्वीच करमाफीचा अर्ज करावा. त्यासाठी किमान १२ महिने त्या देशाबाहेर वास्तव्य आणि सामान ६ महिने वापरातले, अशी अट आहे. कॅनडात पहिल्यांदा उतरताना मागून येणाऱ्या सामानाची यादी अधिकाऱ्याला द्यावी लागते. ती दिली नाही, तर नंतर अडचण होते. सर्वत्र चालणारा नियम एकच: प्रत्येक खोक्याला क्रमांक, आणि प्रत्येक क्रमांकापुढे आतल्या वस्तूंची खरी यादी.

तिसरा: विमा कशाचा? घरच्यांनी भरलेल्या खोक्यातली वस्तू फुटली, तर बहुतेक विमे भरपाई देत नाहीत. काचेच्या वस्तू कंपनीच्या माणसांकडून भरून घ्याव्यात.

घाई मात्र नको. आखातासाठी तीन-चार आठवडे, युरोप-अमेरिकेसाठी दोन-तीन महिने धरून चालावे. पहिल्या महिन्याला लागणारे कपडे, औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ कागदपत्रे विमानात आपल्याजवळच असावीत.

दुसऱ्याची पुडी

सर्वांत स्वस्त वाटणारा मार्ग म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती सामान देणे. आपल्या समाजात याला कुणी नाही म्हणत नाही. नाही म्हटले तर नाती दुखावतात. पण २०१९ मध्ये मुंबईचे एक जोडपे कतारला गेले, तेव्हा एका नातेवाईकाने दिलेल्या पाकिटात चार किलोंहून अधिक चरस निघाला. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या मुलीचा जन्म तिथल्या तुरुंगातच झाला. निर्दोष ठरून ते घरी परतले २०२१ मध्ये.

म्हणून बांधलेली पुडी घेऊ नये आणि देऊही नये. खालाजानने दिलेली असली तरी तिच्यासमोर उघडून पाहावी. यात अविश्वास नाही. अमानत सांभाळायची, तर ती काय आहे हे आधी माहीत हवे. आणि आपले सामान दुसऱ्याच्या नावावर, दुसऱ्याच्या पासपोर्टवर कधीही पाठवू नये. दोन हजार वाचतील, पण कस्टमच्या टेबलावर उत्तर त्या बिचाऱ्याला द्यावे लागेल.

परदेशी निघणाऱ्या घराने दोन महिने आधी एका संध्याकाळी सगळ्यांना बसवावे आणि तीन याद्या कराव्यात: बरोबर न्यायचे, जहाजाने पाठवायचे, इथेच कुणाच्या उपयोगी पडेल असे द्यायचे. तिसरी यादी जितकी लांब, तितके भाडे कमी. आणि ती शिधापेटी, ते दप्तर, ती खाट वस्तीतल्या एखाद्या घराला नव्यासारखीच असते. दुसऱ्या यादीत मात्र मुलीला आईचे मशीन हवे असेल, तर त्याची किंमत बाजारभावाने काढू नये.