गाडी दारात, पण मुलगा म्हणतो 'नको!'

"अठरा पूर्ण झाली, आता तरी शिकून घे." बाबा तिसऱ्यांदा सांगतात. मुलगा मोबाइलमधून मान वर न करता म्हणतो, "मेट्रो आहे ना, बाबा!"

दिल्लीत सरोजिनी नगरसारख्या वस्तीतल्या मराठी घरात हा संवाद आता नवा राहिलेला नाही. मोठ्या भावाची स्कूटर चोरून फिरवली म्हणून ज्यांनी मार खाल्ला, त्या वडिलांना मुलाचा हा थंडपणा कोड्यात टाकतो. ते त्याला आळशी ठरवून मोकळे होतात. पण दरवेळी आळस हेच कारण असते का?

6 ऑगस्ट 2018 रोजी सरोजिनी नगरला पिंक लाइनचे स्टेशन सुरू झाले. शाळकरी वयातच दाराशी मेट्रो आली. कॉलेज, क्लास, मित्र, सगळे तिच्यावर भागते. उलट गाडी काढायची म्हणजे रिंग रोडची कोंडी आणि रविवारी मार्केटजवळ पार्किंगसाठी घिरट्या. हे पाहतच तो वाढला आहे. अमेरिकेतही हेच दिसले. तिथे 1983 मध्ये 16 वर्षांच्या मुलांपैकी सुमारे 46 टक्क्यांकडे लायसन्स होते. 2014 मध्ये हे प्रमाण 25 टक्क्यांच्याही खाली आले होते.

न बोललेली भीती

दुसरे कारण मुले सहसा सांगत नाहीत. 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला 17 वर्षांच्या मुलाच्या भरधाव गाडीने दोन तरुण जीव घेतले. ती बातमी घरोघरी टीव्हीवर दिवसेंदिवस चालली. "पाहा, असे होते!" असे त्या वेळी बजावणारे आई-वडीलच वर्षभराने चावी पुढे करतात, तेव्हा मुलगा बिचकला तर नवल काय?

त्यात शेजारच्या सीटवर बाबा! क्लच जरा लवकर सुटला, गाडी बंद पडली, मागून हॉर्नचा गजर सुरू झाला, की बाबांचा आवाज त्याहून वर चढतो. चौकात झालेली ती शोभा मुलगा विसरत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला अचानक अभ्यास आठवतो.

मुलींची गोष्ट निराळी. मुलाला आग्रह होतो, तिला मात्र "तू कशाला? दादा सोडेल," असे सांगितले जाते. वर्षानुवर्षे हेच ऐकल्यावर तिनेच "मला नको" म्हटले, तर तो तिचा स्वभाव मानला जातो. रात्री उशिरा घरातले कुणी आजारी पडले आणि दादा बाहेरगावी असला, म्हणजे मग सगळ्यांना तिची आठवण येते.

घाई कशाला?

मूल खरोखर घाबरत असेल तर वडिलांनी गुरुपद सोडावे आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या शिक्षकाकडे सोपवावे. त्यांच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही ब्रेक असतो, एवढ्यानेच निम्मा धीर येतो. पहिले काही दिवस पहाटेचे रिकामे रस्ते बरे.

आणि लर्निंग लायसन्स आधीच काढून ठेवण्याची घाई नको. ते 6 महिनेच चालते आणि पक्क्या लायसन्सची परीक्षा त्यानंतर 30 दिवसांनी देता येते. मुलाच्या मनात नसताना काढलेला तो कागद कपाटातच बाद होतो. वडिलांची हौस मात्र 6 महिन्यांत संपत नाही!