वाट चुकलेले घरभाडे

बदलीची नोकरी असलेल्या कुटुंबाला घर बदलण्याची धांदल नवी नसते. सामानाची बांधाबांध, मुलांचे शाळेचे दाखले, गॅसची जोडणी या गडबडीत एक गोष्ट मात्र अनेकदा राहून जाते. ती म्हणजे घरभाड्यासाठी बँकेला दिलेली स्थायी सूचना रद्द करणे.

नागपूरहून भोपाळला बदली झालेल्या एका गृहस्थाचे उदाहरण घेऊ. मार्चअखेर त्यांनी घर रिकामे केले, किल्ली सुपूर्द केली आणि अनामत रक्कमही परत घेतली. जुलैमध्ये खातेउतारा पाहताना त्यांच्या ध्यानात आले की एप्रिल, मे व जून या तीन महिन्यांचे प्रत्येकी १४,००० रुपये जुन्या घरमालकाच्या खात्यात जमा झाले आहेत. एकूण ४२,००० रुपये! मुलाच्या प्रवेशासाठी राखून ठेवलेली ती रक्कम होती.

अशा वेळी ग्राहक प्रथम शाखेत धाव घेतो. परंतु बँकेने त्याच्याच सूचनेनुसार, त्यानेच दिलेल्या खात्यात पैसे पाठविलेले असतात. घरमालकाच्या संमतीवाचून ते त्याच्या खात्यातून परस्पर काढून घेण्याचा अधिकार बँकेला नाही. बँक सूचना तत्काळ थांबवू शकते, नोंदींचा उतारा देऊ शकते आणि घरमालकाच्या बँकेमार्फत त्याच्याकडे परतफेडीची विनंती पोहोचवू शकते.

याचा अर्थ पैसे बुडाले असा मात्र नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७२ नुसार चुकीने मिळालेले पैसे परत करणे हे घेणाऱ्याचे कर्तव्य आहे. शहर वा राज्य बदलले तरी हा नियम बदलत नाही.

पहिले पाऊल अर्थातच सामोपचाराचे असावे. दूरध्वनीवर बोलणे झाले तरी त्यापाठोपाठ पत्र अवश्य पाठवावे. त्यात घर सोडल्याची तारीख, प्रत्येक जमेचा दिनांक व रक्कम, आपला खाते क्रमांक आणि परतफेडीची मुदत नमूद करावी. सोबत करारनाम्याची, किल्ली दिल्याच्या पावतीची व खातेउताऱ्याची प्रत जोडावी. पत्र पोहोचल्याचा पुरावा जपून ठेवावा. वीजबिल किंवा रंगकाम यांपोटी घरमालक वजावट मागू लागल्यास त्याची बिले मागावीत आणि अनामत परत घेताना झालेला हिशेब दाखवावा. पैसे खर्च झाल्याचे त्याने सांगितले, तर हप्ते ठरवून तसे लेखी घ्यावे. अनेक प्रकरणे येथेच मिटू शकतात.

तसे न झाल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व प्रकरण म्हणून अर्ज करता येतो. लोकअदालतीत उभय पक्षांच्या संमतीने झालेल्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. दाव्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते. चूक उमगल्यापासून, किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर ती उमगली असती तेव्हापासून, ही मुदत मोजली जाते. म्हणूनच उतारे वेळच्या वेळी पाहणे हिताचे.

याहूनही सोपा उपाय आरंभीच योजता येतो. स्थायी सूचना देताना भाडेकरार जेथे संपतो तीच तिची अंतिम तारीख ठेवावी. घर मुदतीपूर्वी सोडल्यास ज्या दिवशी किल्ली परत द्यावी, त्याच दिवशी सूचनाही रद्द करावी. घराला कुलूप लागले तरी खात्याचे दार उघडे राहू नये!